हिच्या गुडघ्याच्या कलाने

सोमवार

पोचलो एकदाचे. सामान अजून दारातच आहे, ही अंघोळीला गेलीय आणि मी खुर्ची ओढून लिहायला बसलोय. लेकीने आठवडाभरासाठी या रिसॉर्टमध्ये ही खोली घेऊन दिली. गॅलरीतून समोर समुद्र दिसतो, दोन वेताच्या खुर्च्या आहेत, चादरीला कडक इस्त्री आहे. पण खरं सांगायचं तर मी समुद्रासाठी आलेलोच नाही. समुद्र काय, कुठे पळून जातो? मी आलोय अवशेषांसाठी. इथून गाडीने तासाभरावर डोंगरात ते जुनं नगर आहे. सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला परत.

शिवणकामाचं दुकान चालवत होतो तेव्हा बेतायला रद्दीचे पेपर लागायचे. एकदा कॉलरचा कागद कापायला पान उलगडलं आणि कात्री हातातच राहिली. फोटो होता. छप्पर उडालेले खांब, आणि त्यांच्याही वर एका चौथऱ्यावर दगडाची बाई. डोकं नाही, हात कोपराखाली तुटलेले. पण अंगावरचं वस्त्र! खांद्यापासून पोटरीपर्यंत चुण्याच चुण्या, आणि पडल्याही होत्या अगदी बरोबर, अंगचं वजन असलेलं कापड पडतं तशा. दगडाच्या चुण्या! ही तेव्हा शेजारी काजं करत बसली होती. तिला दाखवलं. दोरा दातात धरून म्हणाली, "खांद्यावर शिवण आहे की नुसती गाठ मारलीय?"

फोटो पुसट. काही कळेना. तेव्हापासून आमच्या घरात हा वाद चालू आहे. मी म्हणतो शिवण, ही म्हणते गाठ. मी शाळा चौथीत सोडली, पण या बाईपायी वाचनालयात जायला लागलो. जुन्या नगरांवरची पुस्तकं वाचून काढली. राजा कुठला, लढाई कुठली, पाणी कुठून आणलं, सगळं त्यांत आहे. खांद्याबद्दल एका विद्वानाने चकार शब्द लिहिलेला नाही. मुलांची शिक्षणं, लग्नं, दुकान, यात जायचं राहून गेलं. आता दुकान बंद केलं. आता बाई आणि मी समोरासमोर.

काउंटरवरच्या मुलीला आल्या आल्या विचारलं. म्हणाली, "आजोबा, चढण आहे तिथे. पुष्कळ पायऱ्या आहेत. तुम्हाला काही त्रास वगैरे?"

"मला कसला त्रास!" मी म्हणालो.

"माझा गुडघा दुखतो हो," ही मागून म्हणाली. "बसत बसत जावं लागेल आम्हाला."

मी बघतच राहिलो. घरून निघताना मोठी बॅग हिनेच उचलली होती. असो. वय झालं, कुठे काय दुखेल सांगता येत नाही.

मंगळवार

सकाळी किनाऱ्यावर फिरायला गेलो. हिचा गुडघा म्हणजे मोठं प्रकरण आहे. बाक दिसलं की बसते. "बसा हो जरा, मला एकटीला बसायला कसंतरी वाटतं." मग मीही बसतो. एवढा मोकळा समुद्रकिनारा, आणि आम्ही बाकं मोजत चाललोय. पहिल्यांदा चिडलो. मग म्हटलं, बाबा रे, या बाईने जन्मभर तुझ्या दुकानात मांडी घालून काजं केली, तिचे गुडघे दुखणार नाहीत तर कुणाचे? आणि वारा इतका छान होता की बसल्याचं वाईटही वाटलं नाही.

दुपारी ही झोपली तेव्हा एक काम उरकलं. कुठलंही कापड कापण्याआधी मी कागदावर कच्चं करून बघतो, ही माझी जुनी सवय. तेव्हा पायऱ्यांचंही कच्चं करून बघावं म्हणून इथल्या गच्चीचा जिना चढून आलो. जिना बांधणाऱ्याला धरून आणायला हवं! पायऱ्या अशा उंच की मलासुद्धा धाप लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, मध्ये टेकावं लागलं. माझी ही गत तर हिचं काय होणार? काळजीच वाटायला लागली.

खाली आलो तर ही जागी. "कुठे गेला होतात? घामाघूम झालात." म्हटलं, गच्चीवरून समुद्र बघून आलो. हिने पर्स उघडली. गॅसची गोळी काढून दिली. मला मागे छातीत गॅस धरला होता, दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हापासून या गोळ्या हिच्या पर्समध्ये असतात. जिभेखाली ठेवायची गॅसची गोळी मी तरी आधी ऐकली नव्हती. विज्ञान पुढे गेलंय.

बुधवार

सहलीची बस उद्या आहे, पण ही म्हणते बस नको. बसमधले लोक घाई करतात, गुडघ्याला घाई चालत नाही. मग काउंटरवरच्या मुलीने एक गाडीवाले गाठून दिले. मोठ्या मिशा, पोट स्टिअरिंगला टेकेल असं, आणि स्वभाव म्हणजे लोणी. त्यांना चहा पाजून सगळं विचारून घेतलं. पायऱ्या तीन टप्प्यांत आहेत. पहिल्या टप्प्यावर वेस, दुसऱ्यावर खांब, आणि सगळ्यांत वर आपली बाई.

"वरची चढण मात्र उभी आहे हं, काका," मिशीवाले म्हणाले.

"माझी काळजी नाही," मी म्हणालो. "हिचा गुडघा."

त्यांनी हिच्याकडे पाहिलं. हिने त्यांच्याकडे पाहिलं. मग मिशीवाले जोरात मान हलवून म्हणाले, "गुडघा ना? होऊन जाईल. शनिवारी अगदी पहाटे उजाडता उजाडता निघू, ऊन लागायला नको. मी घडीचं स्टूल आणतो. काकू म्हणतील तिथे टाकायचं."

माणूस समजूतदार आहे. मी खोलीत चष्मा आणायला गेलो, परत येतो तो दोघं हळू आवाजात बोलत होती. मला बघून गप्प झाली. मला वाटतं ही त्यांना दुपारच्या जेवणाचं काहीतरी खास सांगत असावी. मला आश्चर्याचा धक्का द्यायची हिला भारी हौस.

संध्याकाळी बाजारात जाऊन रुंद इलॅस्टिक आणि मऊ सुती कापड आणलं. हिच्या गुडघ्याला पट्टा शिवायचा ठरवला. दुकानात मिळतात ते एकाच मापाचे, घट्ट झाले तर रक्त अडतं, सैल झाले तर घसरतात. टेप माझ्याकडे असतोच.

"कुठला गुडघा?"

"हा," म्हणून डावा पुढे केला.

"काल उजवा होता ना?"

"कालचा उजवा होता. आज डावा आहे. तुम्ही तरुणपणी बरे माझ्या दुखण्याचा हिशेब ठेवत नव्हतात!"

या वयात दुखणं असं फिरतं, हे मी कुठेतरी वाचलंय. दोन्ही गुडघ्यांची मापं घेतली, सारखीच भरली. एकच पट्टा दोन्हीकडे चालेल. हाताने शिवायला घेतला. किती दिवसांनी सुई धरली! बोटं सगळं विसरली असतील वाटलं होतं, पण नाही, सराईतपणे चालली.

गुरुवार

पट्टा झाला. असा बसलाय की कौतुक करावं. हिने घालून आरशात बघितला, मग नुसती उभी राहिली. डोळे भरून आले होते. गुडघ्याच्या पट्ट्याने कुणी रडतं का? पण शिवण खरंच बारीक आली आहे.

आज एक गंमत पाहिली. मी वाळूत छत्रीखाली आडवा पडलो होतो. डोळा लागला असं हिला वाटलं असणार. एका बाईची चटई वाऱ्याने उडाली आणि लोळत पाण्याकडे निघाली. तर ही उठली आणि धावली! अशी धावली की चटईला गाठून, पायाखाली दाबून, घडी करून त्या बाईला देऊन आली. मी डोळे किलकिले करून बघत होतो. परत येऊन माझ्या शेजारी बसली, जरासुद्धा धाप नाही.

वाळू मऊ असते. वाळूत गुडघ्याला त्रास होत नसावा. तरी मनात आलंच, बरं वाटतंय तर मला का सांगत नाही? मग दिवसभर एक वेगळीच शंका डोकं खात राहिली. हिला मुळात यायचंच नसेल तर? माझी हौस, माझा हट्ट, आणि ही गुडघ्याचं निमित्त करून सुचवतेय की नको जाऊ या? मी या बाईला ओढत नेतोय का?

जेवल्यावर धीर करून विचारलं. "अगं, जाऊ दे. राहू दे ते अवशेष. तुझा गुडघा एवढा दुखतोय, इथेच समुद्र बघू."

अशी उसळली! "खबरदार! शिवण की गाठ याचा निकाल लागल्याशिवाय मी घरी येणार नाही. लागेल तितकं बसेन, लागेल तितका वेळ लावेन, पण जायचं म्हणजे जायचं!"

माझा जीव भांड्यात पडला. मला हसूच आवरेना. बाईमाणूस आहे जिद्दीचं.

शुक्रवार

उद्या! सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. निळा शर्ट काढून ठेवलाय. दुर्बीण नाही, पण काउंटरवरच्या मुलीने स्वतःची दिली. "आजोबा, मला पण सांगा हं, शिवण का गाठ ते." सगळ्या रिसॉर्टभर झालंय आता. सकाळी चहा देणारा मुद्दाम थांबून म्हणाला की त्याचं मत गाठीला आहे. त्याला म्हटलं, तुला काय कळतं रे, तू चहाच बघ.

दुपारी लेकीचा फोन आला. ही गॅलरीत जाऊन बोलत होती, दार नीट लागलं नव्हतं. मुद्दाम ऐकलं नाही, पण कानावर पडलं.

"अगं, डॉक्टर काय म्हणाले ते मीही ऐकलंय... हो. हो, ठाऊक आहे मला... हळूहळू नेईन. बसत बसत. वर नाही जमलं तर नाही. पण पायथ्यावरूनच मागे फिरवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. तू नव्हतीस तेव्हापासूनचं आहे हे."

मग बराच वेळ लेकीचं बोलणं ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "रडू नकोस. मी आहे ना बरोबर."

गुडघ्यासाठी लेक रडते? मायाळू पोर आहे, पण हे जरा जास्तच. आणि ही तरी कशी, स्वतःच्या गुडघ्याला "नेईन" म्हणते, जसं काही कडेवरचं बाळ आहे. डॉक्टरांकडे ही कधी गेली होती? मला घेऊनच तर जाते दर वेळी. मला बाहेर बसवून आत बोलत बसते, तेव्हा गुडघ्याचं दाखवत असावी.

विचारावं असं वाटलं. विचारलं नाही. उद्याच्या दिवसात काही खोट काढायची नव्हती मला.

शनिवार, संध्याकाळ

काय लिहू आणि कसं लिहू!

उजाडत होतं तेव्हा निघालो. मिशीवाले स्टूल घेऊन आले होते. गाडीत मी पुढे, ही मागे. वळण घेतलं आणि डोंगर दिसला, त्यावर खांब. मी ओरडलोच. मिशीवाले दचकले, ब्रेकवर पाय गेला, तिघंही हसत सुटलो.

पहिला टप्पा. थोडं चढलो की हिचा गुडघा. मिशीवाले स्टूल टाकायचे, ही म्हणायची, "मला खाली बसलं की उठवत नाही, मी आपली कठड्याला टेकते. तुम्ही बसा त्यावर." रिकामं कशाला ठेवायचं म्हणून मी बसायचो. असं करत करत वेशीशी पोचलो. दोन दगड, वर आडवा एक दगड. मधून चाकांच्या घासण्याने पडलेल्या खाचा. बोट घालून बघितलं. इथून लोक कापडाचे गठ्ठे घेऊन गेले असणार.

दुसऱ्या टप्प्याला बराच वेळ लागला. हिचा गुडघा भलताच बोलत होता, आणि दर वेळी नेमका अशा वेळी की मलाही छातीत गॅस दाटल्यासारखं होत होतं. एकदा गोळी दिली हिने. पण पोचलो! खांब! फोटोतले ते खांब, आणि त्यांतून दिसणारं आभाळ. एका खांबाला मिठी मारली. पाषाणच, पण उन्हाने कोमट झालेला. खरंच सांगतो, रडलो. मिशीवाले बिचारे दुसरीकडे बघू लागले.

तेवढ्यात ते झालं. सहलीला आलेल्या कुणाचं तरी चिमुरडं एका पडलेल्या खांबावर चढलं होतं. आईचं लक्ष फोटो काढण्यात. पोरगं टोकाला जाऊन डुलायला लागलं. कुणाला काही कळायच्या आत ही सुटली. वाटेत दोन पडके दगड, दोन्ही ओलांडले, पोराला हवेतच झेललं. आईच्या हातात दिलं, तिला चार शब्द सुनावले आणि माझ्याकडे वळली. मी बघतोय हे बघितलं, आणि लंगडायला लागली.

पट्टा उजव्या गुडघ्यावर होता. लंगडत होती डाव्या पायाने.

मी जिथे होतो तिथेच बसलो. दुकानात एक गिऱ्हाईक यायचं, एक खांदा उतरता असलेलं. त्याच्या कोटाला त्या बाजूला अस्तराच्या आत कापसाचा एक थर जास्त घालायचा. त्याला कधी सांगायचं नाही. तो आरशात बघून खूश व्हायचा, म्हणायचा, मास्तर, तुमच्या हाताला गुण आहे. तो थर ही घालायची. इतक्या सफाईने की मलाही शोधावा लागायचा. आज तो मला सापडला. जाऊन जाऊन माझ्याच कोटात.

बाकं. स्टूल. जिभेखालची गोळी. लेकीचं रडणं. एकेक टाका उसवत गेला. मला जन्मभर वाटत आलं की माणूस दारातून आत आला की मी त्याचं माप ओळखतो.

ही जवळ आली. वरची शेवटची चढण समोर होती, अरुंद आणि उभी. वर चौथऱ्याची कड तेवढी दिसत होती. बाई नाही. दुर्बिणीतूनसुद्धा नाही.

"नाही हो झेपणार मला आता," ही म्हणाली. "गुडघ्याने अगदी हात टेकले. इथूनच फिरू या मागे. खांब बघितले, भरून पावले."

म्हणजे ही आपलं बघणंही सोडून द्यायला निघाली होती. तिचाही तितकाच वाद आहे तो. गाठीच्या बाजूने तिने आयुष्य काढलंय.

"तू जा," मी म्हणालो.

"मी? अहो, गुडघा..."

"तुझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. जा आणि बघून ये."

मिशीवाल्यांनी एकदम बुटाची नाडी बांधायला घेतली. ही माझ्याशेजारी बसली.

"कधी कळलं?"

"आत्ता. पोर झेललंस तेव्हा."

"आणि... बाकीचं?"

"तेही. गॅस नाही तो."

तिने माझा हात धरला. बोटांना अजून सुईचे घट्टे आहेत. "रागावलात?"

"फार. पण ते खाली गेल्यावर बघू. ऊन चढतंय, जा."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो. दमलोय गं."

तिने माझ्याकडे पाहिलं. बहुतेक हा शब्द तिने माझ्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. पट्टा सोडवून माझ्या हातात दिला, आणि निघाली. काय चढली! शाळा सुटल्यावर पोरी घरचा जिना चढतात तशी. मिशीवाले नाडी सोडून बघत राहिले. "काका, काकू म्हणजे ना..."

किती वेळ गेला कोण जाणे. मी खांबाला पाठ लावून बसलो होतो. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. एवढं येऊन शेवटच्या पायऱ्यांना हरलो. पण त्याहून जास्त उत्सुकता होती. शेवटी वरून आवाज आला. "अहो!" ती पायऱ्या उतरत होती, हात हलवत होती, आजूबाजूचे लोक वळून बघत होते.

"शिवण नाही!" वरूनच ओरडली.

"म्हणजे गाठ!" मी म्हणालो. "झालं. आता मरेपर्यंत ऐकवणार."

"गाठही नाही!"

येऊन समोर उभी राहिली. गाल लाल, डोळे असे की जणू तिनेच खणून काढलं असावं ते सगळं. "बटणं!"

"काय?"

"बटणं आहेत हो! खांद्यावरून दंडापर्यंत ओळीने. इवलीइवली, गोल. पुढचं कापड आणि मागचं कापड तेवढ्याच ठिकाणी धरलंय, मधे सोडून दिलंय, तिथून दगडाची कातडी दिसते. आणि तुमच्या त्या चुण्या आहेत ना, त्या प्रत्येक बटणातून निघतात. तिथे कुणी तरी बसून बटणं लावली असणार, हो. एकेक. मी चौथऱ्यावर चढून हात लावून बघितलं."

"काजं?"

"काजं नाहीत. ओढून घेतलंय. थांबा, दाखवते."

माझा निळा शर्ट आताशा खांद्यात सैल होतो. तिने दोन बोटांत कापड धरलं, चिमटीत ओढलं, तसंच दाबून ठेवलं. मग थोडं अंतर सोडून दुसरी चिमटी. मधलं कापड अलगद उतरलं, चुणी पडली. मान वाकडी करून मी बघू लागलो.

"हलू नका," ती म्हणाली.

जन्मभर हे मी लोकांना सांगत आलो. मला कुणी सांगितलं नव्हतं. ताठ बसलो. ती चुणीवर चुणी पाडत दंडापर्यंत आली, आणि मला ती वरची बाई दिसली, अगदी खांद्यावर.

"अहो, श्वास कशाला रोखून धरलाय? सोडा."

सोडला.